उताऱ्यावर ठेवलेलं बोट

मला वाचता येत नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेत नाही. अक्काला, म्हणजे मोठ्या बहिणीला, बाकी सगळं सांगितलं, तेव्हासुद्धा एवढं एक वाक्य घशात ठेवून परत आलो.

अक्षरं येत होती. खणखणीत येत होती. लहानपणी आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर बातम्या वाचायला मलाच उभं करायचे. आवाज चांगला, अडखळणं नाही. पण वाचून झाल्यावर त्यात काय होतं, असं मला कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब. एक वाक्य आत आलं की आधीचं बाहेर पडायचं. शेवटच्या ओळीशी पोचेपर्यंत पहिल्या ओळीचा मागमूस नसायचा. आणि असा माणूस कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहून, पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या पोरांना उताऱ्यावरचे प्रश्न शिकवणारा मास्तर म्हणून नावाजला गेला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

आमचं गाव नेसरीच्या अलीकडं. घरात शिकलेला मी पहिला. मराठीच्या पेपरात उतारा यायचा, त्याखाली प्रश्न. मला फार लवकर एक गोष्ट कळली, की उतारा वाचायची गरजच नसते. प्रश्नात एक जाडजूड शब्द असतो. तो शब्द उताऱ्यात हुडकायचा. बोट वरनं खाली फिरवत जायचं, शब्द दिसला की बोट थांबवायचं आणि ते वाक्य उतरवून काढायचं. प्रश्नात ‘का’ असेल तर ‘कारण’ लावायचं. झालं. याच बोटावर मी दहावी काढली, बारावी काढली, डी.एड. काढलं. मास्तर झालो त्या दिवसापासून गावातला प्रत्येक जण, माझी सख्खी मोठी बहीणसुद्धा, मला गुरुजी म्हणायला लागला.

शाळेत मी तेच शिकवलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. आधी प्रश्न, मग बोट, मग उत्तर. उतारा वाचत बसू नका, वेळ जातो. हे मी पोरांना फळ्यावर लिहून द्यायचो. पोरं भराभर गुण मिळवायची. पालक घरी पेढे घेऊन यायचे, शेजारच्या शाळेतले मास्तर माझ्या तासाला येऊन मागं बसायचे. एका वर्षी वर्गात एक मुलगी होती, ती काही केल्या बोट फिरवायची नाही. सगळा उतारा वाचायची, मग वर छताकडं बघत बसायची, मग लिहायला घ्यायची. दोन-तीन प्रश्न राहूनच जायचे. मी तिला शिष्यवृत्तीच्या तुकडीतनं काढलं. ती छताकडं बघत काय करत असेल, ते मला पन्नाशीला आल्यावर कळलं. ती वाचत होती.

आता मूळ गोष्टीला येतो.

अक्काच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, हृदयाचा त्रास झाला आणि तिथल्या रक्तवाहिनीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा हर्निया फार दुखायला लागला. शहरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. दवाखान्यातनं दोघं थेट माझ्या घरी आली. बायकोनं चहा टाकला. अक्कानं पिशवीतनं एक छापील कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. ऑपरेशनच्या आधी काय काळजी घ्यायची त्याचा कागद. मराठीत होता. स्वच्छ, मोठ्या अक्षरात.

“रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या, तेवढं बघून सांग गुरुजी,” अक्का म्हणाली.

प्रश्न आला. जाडजूड शब्द आले, गोळ्या आणि बंद. माझं बोट आपोआप कागदावर गेलं. चहा ओतून व्हायच्या आत मला वाक्य सापडलं. ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ऑपरेशनच्या पाच दिवस आधी बंद कराव्यात.’ मी दिवस मोजून सांगितलं, शुक्रवारपासून बंद. दाजी खूश झाले. माझ्या बायकोकडं बघून म्हणाले, शिकल्यालं माणूस घरात असलं की असं असतंय. मग जेवणं झाली, उसाच्या बिलावर गप्पा झाल्या, पाहुणे निवांत बसून संध्याकाळच्या गाडीनं गेले. कागद माझ्याच टेबलावर राहिला.

दाजींनी शुक्रवारपासून गोळ्या बंद केल्या. सोमवारी सकाळी डेअरीला दूध घालून येताना वाटेतच बसले. छातीवर हात ठेवून बसले ते उठेनात. पोरांनी गाडीत घालून कोल्हापूरला त्याच दवाखान्यात आणलं.

निरोप आला तसा मी शाळेतनं निघालो आणि आधी घरी जाऊन तो कागद खिशात घातला. का घातला ते सांगता येत नाही, डॉक्टर विचारतील असं वाटलं असेल. आयसीयूच्या बाहेर बाकावर दुपार काढायची होती. फोनची बॅटरी संपलेली. मी कागद काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी प्रश्न विचारलेला नसताना, वरच्या ओळीपासून वाचायला लागलो. दोनदा घसरलो. पुन्हा वरनं सुरुवात केली. मग कागद उलटला.

मागच्या बाजूला लिहिलं होतं: ‘ज्यांच्या हृदयात जाळी बसवली आहे त्यांना वरील सूचना लागू नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.’ त्या दोन ओळींभोवती निळ्या पेनानं चौकट काढलेली होती. घाईत काढलेली नव्हे, नीट, चारी बाजू जुळवून.

मी शब्द शोधला होता आणि तो सापडलाही होता. माहिती मात्र त्याच कागदाच्या पाठीवर होती, आणि कागद उलटायचं मला कारणच पडलं नाही, कारण बोट आधीच थांबलं होतं. मला शाळेत कुणी हा उतारा दिला असता तर मी पैकीच्या पैकी गुण घेतले असते. दाजींचं काळीज त्याच उत्तरानं अर्धं गेलं.

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तेवढ्यात जिन्यातनं आवाज चढले.

दाजींचे भाऊबंद गावाकडनं आले होते, दहाबारा जण, आणि पुढं त्यांचा पुतण्या. ज्या सिस्टरनं अक्काला कागद समजावून दिला होता, तिला त्यांनी खालच्या मजल्यावरनं बोलावून घेतलं होतं. वयानं तिशीच्या आतबाहेरची बाई, कळंब्याकडनं कामाला यायची. आमच्या माणसांचं म्हणणं एकच, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. ती म्हणत होती, मी सांगितलंय, काकूंना दोनदा सांगितलंय. काकू म्हणजे अक्का, ती आत दाजींपाशी होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. दवाखान्याचा मॅनेजर मधे उभा होता आणि कुणाची तरी बाजू घेऊन सुटका करून घ्यायच्या तयारीत होता. पुतण्यानं तिच्या जातीवरनं एक शब्द वापरला. तो शब्द मी इथं लिहिणार नाही. पण तो मी ऐकला आणि गप्प बसलो, हे लिहितो.

ती म्हणाली, “मी मागच्या बाजूला पेननं चौकट करून दिलीय. कागद बघा की. गुरुजींकडं असंल, काकू म्हणाल्या होत्या भाऊ वाचून देतो म्हणून.”

सगळे माझ्याकडं वळले. मॅनेजरही वळला. म्हणाला, सर, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हीच सांगा.

“कागद घरी हाय,” मी म्हणालो. “आणि त्यावर खूण-बिण काही न्हाय. मी वाचलाय.”

कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. घडीचा कोपरा बाहेर दिसत असणार. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, खिशाकडं नाही. खिशाकडं बघायचं तिला सुचलं नाही, कारण गुरुजी खोटं बोलत असतील असं तिला वाटलं नाही. माझ्या नावाला एवढं वजन होतं, आणि ते सगळं वजन मी तिच्या अंगावर टाकलं.

मॅनेजरनं तिथल्या तिथं तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आमची माणसं शांत झाली. कुणीतरी माझ्यासाठी चहा आणला. मी तो प्यालो.

दाजी वाचले. त्याला आता काही वर्षं झाली. पण आता त्यांच्यानं उसाच्या फडात जाववत नाही. घराच्या पुढच्या सोप्यात बसतात, रेडिओ लावतात, गोठ्याकडं जायचं तर मधे दोनदा थांबतात.

इथनं पुढं मी काय केलं ते सांगतो, आणि यात मी फार मोठं काही केलं असं कुणी म्हणू नये. मी वाचायला शिकलो. शाळेतल्या लायब्ररीतनं पोरांची गोष्टीची पुस्तकं घरी आणायला लागलो. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि यात काय झालं ते स्वतःला सांगायचं. सांगता आलं नाही तर पुन्हा. बायकोला वाटायचं वर्गाची तयारी चाललीय. पहिल्यांदा काहीच हाती लागायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं, की वाचणं म्हणजे पुढं जाणं नव्हेच, सारखं मागं जाऊन येणं आहे. चौथी ओळ आली की ती पहिलीला जाऊन भिडते, पहिलीचा अर्थ बदलतो. ‘वरील सूचना लागू नाही’ म्हटल्यावर वर जावं लागतं. बोट कधी वर जात नाही. ते फक्त खाली घसरतं आणि जिथं थांबतं तिथं आपल्याला वाटतं, गाव आलं.

आणि हेही कळलं, की काय शोधायचं ते ज्याला ठाऊक असतं त्यालाच काही सापडतं. अक्कानं मला गोळ्या कधी बंद करायच्या असं विचारलं होतं. ज्याला वाचता येतं असा माणूस आधी विचारतो, बंद करायच्या का? दाजींना जाळी आहे, हे मला माहीत होतं. जाळी बसवली तेव्हा मी दवाखान्यात झोपायला होतो. पण ती माहिती एकीकडं होती आणि कागद एकीकडं. दोन्ही एका जागी आणायचं काम मला कधी कुणी शिकवलं नाही, आणि मी दोन पिढ्यांना ते करू दिलं नाही.

व्यवस्थेचा दोष आहे, असं मला कुणी समजावू नये. परीक्षा तशाच असतात, सर, तुम्ही तरी काय करणार, हे ऐकून माझे कान किटले. परीक्षा तशा असतील. पण खोटं परीक्षेनं नाही बोललं.

गेल्या उन्हाळ्यात मला शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलावलं. उतारा सोडवायची माझी पद्धत इतर मास्तरांना दाखवायची होती. हॉल भरलेला, पुढं साहेब लोक. मी फळ्यावर उतारा लिहिला: ‘टिंबक्या सरमट डुगली घेऊन निघाला. वाटेत डुगली खरबडली, म्हणून टिंबक्याने ती भोरली. भोरलेली डुगली पाहून मुंडी गलगलली.’ खाली प्रश्न लिहिले. टिंबक्याने डुगली का भोरली? मुंडी केव्हा गलगलली?

हॉलमधे हशा पिकला. पण उत्तरं फटाफट आली. डुगली खरबडली म्हणून टिंबक्याने ती भोरली. भोरलेली डुगली पाहून मुंडी गलगलली. एक बाई तर पूर्ण वाक्यात, पूर्णविरामासकट बोलल्या. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. मग विचारलं, डुगली म्हणजे काय?

सगळ्यांच्या नजरा फळ्यावर पुन्हा वरनं खाली फिरल्या.

“हीच माझी पद्धत,” मी म्हणालो. “ह्यालाच तुम्ही पंचवीस वर्षं हार घातलाय. मी पुढच्या वर्षीपासनं हे शिकवणार न्हाय.”

साहेबांनी घसा खाकरला. म्हणाले, कल्पना छान आहे, पण निकालाचं काय? मी म्हणालो, निकाल पडू दे. चहाच्या वेळेला आमच्या मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. घरात काही अडचण आहे का, असं विचारलं. पालकही येऊन गेले. एक जण म्हणाला, सर, पोरगं उतारा वाचत बसतंय, पेपर पुरा होत न्हाय. मी म्हटलं, बसू दे. वाचत बसणं हा आता माझ्या वर्गात गुन्हा नाही. यंदा आमच्या तुकडीचा निकाल खरंच खाली आला. मला त्याची लाज वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची, आणि तिच्यासाठी हॉल पुरत नाही.

मग मी अक्काकडं गेलो. कागद घेऊन गेलो. चौकट दाखवली. घाईघाईत वाचलं, मागची बाजू बघितली नाही, आणि दवाखान्यात खोटं बोललो, असं सांगितलं. अक्का शेंगा निवडत होती. तिचा हात थांबला नाही. निवडता निवडता म्हणाली, सांगितलंतं त्या सिस्टरनं मला. मीच म्हटलं, माझा भाऊ मास्तर हाय, तो बघंल. म्हणजे अक्कालाही ठाऊक होतं. आम्ही दोघं भाऊबहीण एवढी वर्षं एकाच बाईच्या पोटावर पाय देऊन एकमेकांना भाऊबीजेला ओवाळत होतो.

“आता त्या बाईचं नाव काढू नगं,” अक्का म्हणाली. “ह्येंचं काळीज काय नवं येणार हाय व्हय?”

दाजी सोप्यातनं सगळं ऐकत होते. त्यांनी रेडिओ बारीक केला. रागावतील असं वाटलं होतं, बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “घाई कुठं हुती गुरुजी? जेवूनखावून सांजच्यापातूर बसलोतो की आपुन.”

मी हातातल्या कागदाची घडी घालायला लागलो.

“कळलं न्हवतं तर कळलं न्हाय म्हणायचं. आमी दुसऱ्या कुणाला इचारलं असतं.”

एवढंच बोलून त्यांनी पुन्हा रेडिओ मोठा केला. मला वाचता येत नव्हतं, हे त्या माणसाला ओळखू आलं होतं. मी तिथं हो म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. आज इथं म्हणतोय.

दवाखान्यात गेलो. मॅनेजर तोच. म्हणाला, सर, तो विषय मिटलाय, कशाला उकरता? मी लिहून आणलं होतं. कागदावर चौकट होती, तो माझ्या खिशात होता, सिस्टरनं आपलं काम चोख केलं होतं. पोच मागितली. तो देईना. मी खुर्ची ओढून बसलो. पेशंटची रांग बघत राहिली. शेवटी शिक्का मारून दिली.

कळंब्याला तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. तलावाच्या अंगाला वस्ती, दारावर पंचशीलाची छोटी पताका. ती आता एका म्हाताऱ्या जोडप्याकडं दिवसपाळीला जाते. त्या दिवसानंतर तिला मोठ्या दवाखान्यात कुणी उभं केलं नाही. असल्या बातम्या शहरात आपोआप फिरतात. तिनं मला ओळखलं. आत या म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. तिची आई मागं उभी राहिली.

मी उभ्या उभ्या सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कागद आणलाय?”

मी दिला. तिनं तो उलटला, आपल्याच हातची चौकट बघितली. आईला दाखवली. म्हातारीनं कागद डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडं बघितलं आणि आत निघून गेली.

ती म्हणाली, “दवाखान्याला लिहून दिलं, बरं केलं. पण मला तो शब्द मॅनेजर न्हाई बोलला, तुमची माणसं बोलली. तुम्ही चारचौघांत बोलला होता सर. चारचौघांतच सांगा. हितं दारात येऊन सांगितल्यालं मला काय उपेगाचं न्हाय.”

माफी मागायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. तिनं कागद ठेवून घेतला. तो तिचाच होता.

तेव्हापासनं मी त्या माणसांना गोळा करायला बघतोय. कुणी म्हणतं झालं गेलं. कुणी फोनच उचलत नाही. पुतण्यानं उचलला. म्हणाला, मामा, आपल्या माणसांना खाली बघायला लावू नका, तेही तिच्यासाठी? मी म्हणालो, व्हय, तिच्यासाठीच. आणि तू जो शब्द वापरलास, तोही तिथंच मागं घ्यायचास. त्यानं फोन ठेवला. अक्का म्हणते, असलं करणार असशील तर आमच्या उंबऱ्यात येऊ नगं.

जत्रेच्या जेवणाला ती सगळी माणसं दाजींच्या सोप्यात एका पंगतीला असतात. यंदा मला बोलावणं यायचं नाही. मी जाणार आहे. मटण वाढून व्हायच्या आत बोलणार आहे, म्हणजे कुणाला उठून जाता येणार नाही. मला वाचता येत नव्हतं, हेही तिथंच सांगणार आहे. दाजी ऐकत असतील.

हे लिहिलं म्हणून काही फिटलं असं मी धरत नाही. इथं तिचं नाव नाही, माझं नाव नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी त्या आयसीयूबाहेर कुणी नव्हतं. त्या सिस्टरचं मी एक बोलणं देणं लागतो: चौकट होती, कागद माझ्या खिशात होता, तिनं सांगितलं होतं. त्याच माणसांसमोर, माझ्या तोंडानं. ते अजून मी दिलेलं नाही.